स्कूटर, मोटार आणि दाजींचं मनगट

मी सगळ्यात जास्त ऋणी कुणाचा, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या दाजींचा. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या यजमानांचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीधर झालं नव्हतं. बारावीनंतर इंजिनियरिंगला जायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला आईवडिलांना समजावून सांगता आलं नाही, कारण मलाही ते ठाऊक नव्हतं. दाजींना फोन केला. ते म्हणाले, "येऊ द्या इकडं. बघू." माझं सगळं शिक्षण या दोन वाक्यांवर उभं आहे.

बार्शीकडच्या आमच्या तालुक्याच्या गावातून मी काळेवाडीला त्यांच्या दोन खोल्यांत येऊन राहिलो. कॉलेज ताथवड्याला होतं. पहिल्या दिवशी मी चपला घालून तयार झालो, कारण माझ्याकडे चपलाच होत्या. दाजींनी माझ्या पायांकडे पाहिलं, आत गेले आणि कंपनीतून मिळालेले जादाचे सेफ्टी शूज घेऊन आले. पुढच्या बाजूला पोलादाची वाटी असलेले, काळे, जड. "चपलेवर कुणी इंजिनियर होत न्हाई," ते म्हणाले. दोन मोजे घातल्यावर ते मला बसले. पहिलं वर्ष मी ते घालून काढलं. वर्गात कुणी माझ्या पायावर पाय दिला की नाही, सांगता येणार नाही. दिला असता तरी मला कळलं नसतं.

कॉलेजला सोडायला दाजींची स्कूटर होती. निळी, हातातल्या गिअरची, मागे स्टेपनी. मी मागे, पाठीवर ड्रॉइंग काढायचा लांब ड्राफ्टर आडवा, आणि दाजी पुढे. डांगे चौकात गर्दी असली की ते न वळता म्हणायचे, "काठी आवर." मी ड्राफ्टर उभा धरायचो. मला सोडून ते भोसरीला कंपनीत जायचे. भोसरी आणि ताथवडे एकमेकांच्या वाटेवर नाहीत, हे मला शहराचा नकाशा नीट कळला तेव्हा कळलं.

दाजी कंपनीत इन्स्पेक्शनला होते. गाड्यांचे सुटे भाग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून तपासायचे, बरोबर असेल तर पुढे पाठवायचे, नसेल तर लाल लेबल लावायचं. लेबलावर कारण लिहायचं, खाली सही करायची. माल नाकारला की प्रॉडक्शनची माणसं भांडायला येत. दाजी काहीच बोलत नसत, लेबलाकडे बोट दाखवत. घरी ते म्हणायचे, "तोंडी रिजेक्शन म्हंजी भांडण. लेखी रिजेक्शन म्हंजी काम." घरातही त्यांनी कुणाला तोंडी नकार दिल्याचं मला आठवत नाही. नकोशी गोष्ट असली की ते गप्प बसत. लेबल नसल्यामुळे ती गोष्ट पास आहे की नापास, हे आम्हाला कळत नसे.

मी इंजिनियर झालो. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या टेस्टिंगला लागलो आणि ताथवड्याला वेगळा राहायला गेलो. चार पैसे हातात आले तसं सगळ्यात आधी दाजी आणि अक्कासाठी एक गाडी घेतली. लहान, पांढरी, चार दारांची, माझ्या आधी दोन मालकांनी वापरलेली. पावसात, उन्हात या दोघांनी स्कूटरवर जाऊ नये, एवढाच हेतू होता. गाडी त्यांच्या दारात उभी केली आणि किल्ली दाजींच्या हातात दिली. त्यांना गाडी चालवता येत नाही, हे मला माहीत होतं. ते शिकतील असं मी मनात धरलं. त्यांनी बहुधा मनात धरलं, की मी येत जाईन. दोघांनीही हे एकमेकांना विचारलं नाही.

त्यामुळे पुढची कित्येक वर्षं गाडी काळेवाडीत आणि ड्रायव्हर ताथवड्यात अशी व्यवस्था राहिली. मी कंपनीच्या बसने चाकणला जायचो. रविवारी काळेवाडीला येऊन दोघांना गाडीतून फिरवायचो. बाकीचे सहा दिवस दाजी गाडी पुसायचे आणि स्कूटरवरून जायचे.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याला दाराला तोरण लावताना दाजी स्टुलावरून पडले. डावं मनगट मोडलं. आत हाडाला धातूची पट्टी बसवली. डॉक्टरांनी स्कूटर नको म्हणून सांगितलं. दाजींनी त्याचा अर्थ काही दिवस नको असा घेतला. प्लॅस्टर निघालं तसे ते पुन्हा स्कूटरवर. तोवर ते रिटायर झाले होते, पण भोसरीत त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचं छोटं वर्कशॉप आहे, तिथे रोज सकाळी जाऊन माल तपासून द्यायचे. पगाराचा प्रश्न नव्हता. प्रश्न अक्काचा होता.

"ह्यांना घरी बसू देऊ नकोस रे बाबा," अक्का म्हणायची. "परवा वर्कशॉप बंद होतं. दुपारी माझ्या तीन पोळ्या बाजूला काढून ठेवल्या. म्हणे जाडी कमी-जास्त आहे."

यंदा घरमालकांनी पुढच्या जागेत दोन गाळे काढले. माणूस चांगला. स्वतः येऊन म्हणाला, "दाजी, अडचण समजून घ्या. आता दोन गाड्या मावणार न्हाईत. एकच ठेवा. कुठली ते तुमचं तुम्ही ठरवा."

दाजींनी ते माझ्यावर सोपवलं. रविवारी चहा झाल्यावर म्हणाले, "तू टेस्टिंगला हायस. दोन्ही गाड्या टेस्ट कर. जी नापास व्हईल ती जाईल. पण मला लेखी पायजे. कारण लिहून, सही करून."

मी हो म्हणालो. नंतर ध्यानात आलं की एका बाजूला मला कॉलेजला नेणारी गाडी आहे, दुसऱ्या बाजूला मीच दिलेली, आणि परीक्षकही मीच. कंपनीत अशा माणसाला त्या कामावरून बाजूला करतात. घरी दुसरा इंजिनियर नव्हता.

मी पुढचे बरेच रविवार या कामाला दिले. कुणाच्याही बाजूने झुकायचं नाही असं ठरवलं होतं. काळेवाडीहून पिंपरीची मंडई, मंडईहून भोसरी, तिथून दिघीला अक्काच्या मैत्रिणीचं घर आणि परत, असा मार्ग आखला. दोन्ही गाड्या त्याच रस्त्याने, त्याच वेळी न्यायच्या.

सुरुवातीचे निष्कर्ष असे होते. मंडईत स्कूटर थेट भाजीवाल्यासमोर उभी राहते. कोथिंबीर घेऊन पिशवी हुकाला अडकवली की निघता येतं. मोटार मंडईपासून इतकी लांब लावावी लागते, की भाजी घेऊन परत येताना अक्का रिक्षा करायची का विचारते. मोटारीच्या मागच्या सीटवर गव्हाची गोणी झोपवता येते. स्कूटरवर ती पायांपाशी उभी करावी लागते आणि मग दाजींना पाय बाहेर काढून बसावं लागतं. गॅसचा सिलिंडर स्कूटरवर जातो, मोटारीतही जातो, पण स्कूटरवरून आणला की गल्लीतले लोक आपलाही आणायला सांगतात. मोटारीच्या बाबतीत तसं कुणी सांगत नाही. पेट्रोल स्कूटरला कमी लागतं. मोटारीत अक्का झोपते. स्कूटरवर तिने झोपू नये अशी अपेक्षा आहे.

दिघीच्या रस्त्यावर लष्कराच्या भिंतीच्या कडेने मोकळा पट्टा लागतो. तिथे दोन्ही गाड्यांचा वेग पाहिला. मोटार पुढे गेली. दाजी मागून येऊन म्हणाले, "मी काय पळवत न्हवतो." मी ते विचारात घेतलं.

एक गोष्ट मात्र मला पटत नव्हती. मी स्वतः स्कूटर घेतली की क्लच घसरायचा. मूठ पिळली की इंजिन ओरडायचं आणि गाडी मागाहून विचार करून निघायची. आदल्याच दिवाळीला प्लेटा बदलल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे, तिथे नेली. गॅरेजवाल्याने उघडली. प्लेटा काळ्याठिक्कर, जळक्या वासाच्या.

"साहेब, ह्या गाडीला क्लच प्लेट म्हणजे नाश्ता आहे," तो म्हणाला. "दाजी वर्षात दोनदा येतात."

"का जळतात पण?"

"मी विचारलं होतं एकदा. दाजी म्हणाले, तू बदल."

मी रिपोर्टसाठी हे मनात नोंदवून ठेवलं: स्कूटरमध्ये न सापडलेला दोष. केबल तपासली, ऑइल तपासलं, क्लचच्या दांड्याचं सेटिंग पाहिलं. सगळं ठीक होतं. नव्या प्लेटा घालून गाडी दिली.

पुढच्या रविवारी दोन्ही गाड्या बरोबर निघाल्या. पुढे स्कूटरवर दाजी, मागे अक्का. त्यांच्या मागे मी मोटारीत एकटा. पवनेवरच्या पुलापाशी गर्दी होती. सिटी बस चढावर थांबत थांबत जात होती आणि तिच्यामागे सगळे. चढ सुरू होण्याआधी स्कूटर कडेला झाली. अक्का उतरली. पदर खोचला, पिशवी खांद्याला लावली आणि फुटपाथवरून चालायला लागली. दाजींनी मागे वळूनही पाहिलं नाही. एकट्याने स्कूटर काढली, इंजिन कण्हलं, गाडी कशीबशी उचलली आणि बसच्या कडेने वर गेली. वर सपाटीला थांबली.

मी बसच्या मागेच होतो. अक्का चालत चालत माझ्या काचेपाशी आली, आत वाकून बघितलं, "ये सावकाश," म्हणाली आणि पुढे गेली. पूल तिने माझ्याआधी ओलांडला. या तुलनेत पायी चालणं हे तिसरं वाहन मी धरलं नव्हतं.

त्या हातातल्या गिअरच्या स्कूटरची गोष्ट अशी असते, की डाव्या हाताची मूठ मनगटातून वर वळवली की पहिला गिअर पडतो. खाली वळवत गेलं की दुसरा, तिसरा, चौथा. मी वरच्या दिशेने आपोआप मूठ वळवतो, म्हणून माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. दाजींचं मनगट खाली वळतं. पट्टी बसवल्यापासून ते वर वळत नाही. तीन वर्षं ते दुसऱ्या गिअरवर गाडी उचलत होते. सपाटीला क्लच जाळून ते जमतं. चढावर मागे माणूस असेल तर जमत नाही.

मंडईत दाजी मेथी निवडत असताना मी अक्काला बाजूला घेतलं.

"तू पुलावर उतरतेस?"

"पाय मोकळे होतात."

"अक्का."

"पुलावर उतरते. चिंचवडच्या ब्रिजला उतरते. पावसात एकदा नाही उतरले, तर गाडी मागं यायला लागली. मागं टेम्पो होता." तिने टोमॅटो दाबून पाहिला. "त्या दिवसापासून ठरलंय. बोलून नाही ठरलं. मी उतरते, ते थांबतात."

"मला सांगायचं ना."

"सांगून काय करणार होतास? स्कूटर काढली असतीस. मग हे घरी. मग माझ्या पोळ्या." तिने तो टोमॅटो परत ढिगात ठेवला. मग म्हणाली, "पोळ्यांचं जाऊ दे रे. त्या प्लॅस्टरच्या वेळी दीड महिना घरी होते तर खिडकीत बसून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचे आणि ह्याचा टॅपेट, त्याचं बेअरिंग, असं सांगत बसायचे. शेवटी शेवटी तेही बंद केलं. मला भीती वाटली होती."

तेव्हा निकाल काय लागणार हे मला कळलं आणि तो द्यायची इच्छा गेली. स्कूटर पास केली तर एक दिवस अक्का उतरायच्या आधी गाडी मागे येईल. नापास केली तर दाजी खिडकीत बसतील. मोटार तिथे होतीच, पण मोटारीत दाजींची जागा माझ्या डाव्या हाताला, पट्टा लावून, मांडीवर पिशवी घेऊन. मी दिलेल्या गाडीत इतकी वर्षं ते पाहुणे होते.

दाजी मेथी घेऊन आले. आमच्या दोघांकडे बघून म्हणाले, "काय, टेस्टिंग चाललंय काय? बोलणं कमी करा. मला लेखी पायजे." त्यांना सगळं कळलं होतं, असं मला वाटतं. त्यांनी मला निवडलं ते मी इंजिनियर म्हणून, का मी लिहून देईन म्हणून, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी एकट्या दाजींना मोटारीतून चाकणला नेलं. एमआयडीसीतले आतले रस्ते सुटीच्या दिवशी मोकळे असतात. कंटेनर कडेला उभे, चहाच्या टपऱ्या बंद, एखादं कुत्रं. एका लांब भिंतीच्या कडेला मी गाडी थांबवली आणि बंद केली.

"काय झालं?"

"एक टेस्ट राहिलीय. ड्रायव्हर सीटवरून पुढचं किती दिसतं, ते दुसऱ्या उंचीच्या माणसाकडून बघायचं असतं."

"असं असतंय व्हय?"

"असतं."

असतं, हे खरं आहे. आम्ही कंपनीत करतो. दाजी उतरले, फिरून आले आणि स्टिअरिंगमागे बसले. आधी त्यांनी चपला काढून बाहेर ठेवल्या, देवळात ठेवतात तशा. मग पुढे पाहिलं. "दिसतंय," म्हणाले.

"आता गिअर. गाडी बंदच आहे. डाव्या पायाने क्लच दाबा आणि टाकून बघा. सगळे."

त्यांनी तळहात गिअरच्या दांड्यावर ठेवला. तो नुसता ढकलायचा असतो, मनगट वळवावं लागत नाही. मी मुद्दाम बाहेर, भिंतीकडे बघत राहिलो. पहिला गिअर पडल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग न्यूट्रल, मग पुन्हा पहिलाच. मग पुन्हा न्यूट्रल, पुन्हा पहिला. हे बराच वेळ चाललं. दाजी एखादा भाग पुन्हा पुन्हा गेजमध्ये घालून बघायचे, तसं. भिंतीच्या पलीकडे कुठल्याशा कंपनीत रविवार असूनही पत्रा दाबायचा एक प्रेस चालू होता, त्याचे ठोके ऐकू येत होते.

"ह्यात पहिला पडतोय," दाजी म्हणाले.

तीन वर्षांत त्या मनगटाविषयी त्यांच्या तोंडून आलेलं एवढंच वाक्य. मग ते उतरले, चपला घातल्या, आपल्या नेहमीच्या जागेवर येऊन बसले आणि पट्टा लावला. घर येईपर्यंत त्यांनी एकदाच तोंड उघडलं. राजगुरुनगरकडून आलेल्या एका ट्रकला पुढे जाऊ देताना म्हणाले, "तू क्लचवर पाय ठेवून चालवतोस. प्लेटा जळतील."

निकाल मी हातात देऊ शकलो असतो. पण हातात दिला असता तर चहा झाला असता, आणि चहा झाला की आमच्या घरात कुठल्याच गोष्टीचा निकाल लागत नाही. म्हणून ताथवड्याहून काळेवाडीला मी तो पोस्टाने पाठवला. अंतर इतकं कमी की पोस्टातल्या बाईंनी पत्ता दोनदा वाचला. पत्र असं होतं:

दाजी,

नमस्कार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन्ही गाड्यांचा निकाल लेखी देत आहे.

स्कूटर नापास. कारण: पहिला गिअर पडत नाही. हा दोष गाडीचा नाही. गाडी मी सगळी तपासली आहे, तिच्यात खोट सापडली नाही. तिने मला रोज कॉलेजला वेळेवर पोचवलं, आणि तुम्हाला तिथून उलट्या दिशेला भोसरीला. तेव्हाही तिच्यात खोट नव्हती.

मोटार पास, पण अटीवर. तुम्हीच मला सांगितलं होतं, की एखादा माल पूर्ण बरोबर नसला तरी अट लिहून पुढे सोडता येतो. या गाडीत एक कमतरता राहिली आहे. तिला ड्रायव्हर नाही. रविवारचा ड्रायव्हर हा ड्रायव्हर नव्हे, हे मला पुलावर अक्का पुढे गेली तेव्हा कळलं. अट अशी, की गाडी तुम्ही शिकायची. डॉक्टरांना विचारलं आहे. हाताची ताकद एकदा तपासून घेतली, की चारचाकीला हरकत नाही म्हणाले. स्कूटरला या वेळी त्यांनी मला दोनदा नाही म्हणून सांगितलं, म्हणजे अर्थ काढायला जागा राहू नये. तुमच्या गल्लीच्या मागे मोटार ट्रेनिंगवाले आहेत, त्यांच्याकडे लर्निंग लायसनचं बोलून ठेवलं आहे. आठवडाभर ते शिकवतील, रविवारी मी, चाकणच्या त्याच रस्त्यावर. शिकून झाल्यावर भोसरीला वर्कशॉपमध्ये रोज मोटारीने जावं. ते गाडी लावायला जागा देतील, हेही विचारलं आहे. मंडईत मोटार लांबच लागेल, त्यावर उपाय सापडलेला नाही. तसा रिपोर्टमध्ये लिहीत आहे.

स्कूटर विकू नये. नापास माल तुम्ही लगेच भंगारात टाकत नव्हता, लाल लेबल लावून जाळीच्या पिंजऱ्यात वेगळा ठेवायचात, पुन्हा बघता यावा म्हणून. आमच्या सोसायटीत खाली माझ्या बाईकशेजारी जागा आहे. मी येऊन घेऊन जाईन. तुम्हाला वाटेल तेव्हा येऊन तपासावी.

निकाल मान्य नसेल तर तसं लेखी कळवावं.

पहिला धडा या रविवारी. चपला काढून ठेवायच्या नाहीत, आणि घालायच्याही नाहीत. क्लचवरून चप्पल घसरते. कपाटाच्या खालच्या खणात तुमचे काळे सेफ्टी शूज आहेत, मी पहिलं वर्ष संपल्यावर पॉलिश करून परत ठेवलेले. ते घालून यावं.

तुमचा मेहुणा
(सही)